पूर ओसरला, आता दुकान उघडायचं कसं?

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव या गावांत पुराचं पाणी शिरलं. उद्या तुमच्या दुकानात शिरलं तर? झाडू उचलण्याआधी हा क्रम लक्षात ठेवा.

१. वीज: मेन स्विच ओला असेल, तर हात लावू नका. महावितरणच्या लाईनमनला बोलवा.

२. फोटो: गाळ काढण्याआधी दुकानाचे, मालाचे फोटो काढा. पंचनाम्याला आणि विम्याला पुरावा लागतो.

३. गाळ: गमबूट, रबरी हातमोजे घालूनच काढा. जखमेतून लेप्टोचे जंतू शिरतात. नंतर ताप आला, तर पुराच्या पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना सांगा.

४. धुणं: आधी साबणाचं पाणी, मग ब्लीचिंग पावडर. तिच्यात अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

५. माल: भिजलेलं पीठ, डाळ वाळवून विकायचा मोह होतो. विकू नका, फोटो काढून टाकून द्या.

दुकान चार दिवस उशिरा उघडलं, तर गिऱ्हाईक समजून घेतं. पण तुमच्या मालाने कुणी आजारी पडलं, तर नांदेड असो की लातूर, गेलेलं नाव परत येत नाही.