चिमट्यात सापडलेला आकडा

इंग्लंडमधल्या फुटबॉल अकॅडमीत मुलाची निवड झाली की आपल्या आईबापांचं सगळं लक्ष कराराकडे. सोबत येणारा एक साधा कागद मात्र कुणी नीट वाचत नाही. दंड, पाठ, पोट, मांडी अशा आठ जागी कातडी कॅलिपरच्या चिमट्यात धरून मोजलेल्या चरबीची बेरीज त्यावर असते. माझ्या मुलाच्या त्या बेरजेखाली लाल रेघ होती. "दुखापत टाळायची तर हे खाली आण," एवढंच त्याला सांगण्यात आलं. किती, कधीपर्यंत, काय खाऊन, याबद्दल चकार शब्द नाही.

पोरगं जिद्दी. आधी भात सुटला, मग पोळ्या, मग सरावानंतरचं दूध-केळंही. आकडा उतरला, शाबासकी मिळाली. हिवाळ्यात हॅमस्ट्रिंग धरली. ती बरी होतेय तोवर पाऊल दुखायला लागलं. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. हाडांच्या डॉक्टरांनी सरावाचं नंतर विचारलं. आधी विचारलं, हा दिवसभरात खातो काय?

जादा चरबी म्हणजे पळताना वाहायचं ओझं, हे खरंच आहे. पण त्या एका आकड्यावरून दुखापतीचं भाकीत करता येत नाही. आधीची दुखापत, एकदम वाढवलेला सराव, उंची भराभर वाढण्याचा काळ, हे सगळं पाहावं लागतं. उलट खर्चापेक्षा खाणं कमी पडलं की शरीर काटकसर करू लागतं: हाडांची झीज भरून निघत नाही, हार्मोन्स घसरतात, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं. आणि खर्च तरी किती? प्रीमियर लीगच्या एका अकॅडमीतल्या अठरा वर्षांखालच्या मुलांचा मोजलेला खर्च 2021 मध्ये प्रसिद्ध झाला: दिवसाला सरासरी साडेतीन हजार किलोकॅलरींच्या वर. सॅलडच्या डब्यावर तो कसा भागणार?

आपल्या मुलांबाबत आणखी एक मेख आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! त्यात चिमट्याच्या मापावरून टक्के काढण्याचं इथलं एक जुनं, प्रसिद्ध सूत्र 1974 मध्ये ग्लासगोतल्या 481 स्त्री-पुरुषांवरून बसवलेलं. नाशिक-साताऱ्याच्या बांध्याचा त्यात विचार असायचं कारणच नव्हतं. म्हणून टक्के मागूच नका, मिलिमीटरमधली बेरीज मागा, आणि ती संघाच्या सरासरीशी न ताडता मुलाच्याच मागच्या मापाशी ताडा. माप दर वेळी त्याच माणसाने, त्याच वेळी, सरावाआधी घेतलंय ना, हेही विचारा. चिमटा धरणारा बदलला की आकडाही बदलतो.

चरबी कमी कर असं कुणी म्हटलं, तर आहार ठरवणारी व्यक्ती 'एसईएनआर' या इथल्या क्रीडा-आहारतज्ज्ञांच्या नोंदवहीत आहे का, हे बघून घ्या. आकडे भिंतीवर लावत असतील तर हरकत घ्या. आम्ही घेतली, थोडे वाईट झालो, चालतं. उंची वाढतेय पण वजन हलत नाही, झोप लागत नाही, पोरगं उगाच वसवस करतंय, असं दिसलं तर पुढच्या मोजणीची वाट न बघता जीपी गाठा.

व्हिटॅमिन डी विसरू नका. हिवाळ्यात रोज 10 मायक्रोग्रॅम, असा इथला सरकारी सल्ला सगळ्यांनाच आहे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असंही सांगितलंय. गोळी खेळाडूसाठी असेल तर डबीवर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'चा शिक्का बघूनच घ्या. उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर "आईने आणून दिली होती" म्हणून सुटका होत नाही.