मंद्रूप ते संगरूर : ५२ नंबरच्या रस्त्याचं गणित

प्रत्येक हॉस्टेलमध्ये वर्षातून निदान दोनदा तरी लेह-लडाखचा प्लॅन ठरतो. वेळ साधारण रात्री बाराची, मॅगी अर्धी कच्ची, आणि सबमिशन दुसऱ्या दिवशी. सहा जण तयार होतात. सकाळी चार उरतात, रिझल्ट लागल्यावर दोन, आणि सुट्टी सुरू झाली की सगळे एस.टी.ने आपापल्या गावी! म्हणून हा लेख त्या एकासाठी, ज्याला खरंच जायचंय आणि बरोबर कुणी येणार नाही हे कळून चुकलंय.

पण लेह कशाला? आपल्या मंद्रूपवरून जो विजापूरचा हायवे जातो, तो आहे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'तेरा नंबर'च आहे, कारण २०१० साली देशभरातल्या हायवेंचे नंबर बदलले त्याआधी सोलापूर-विजापूर रस्ता १३ मध्ये आणि सोलापूर-धुळे रस्ता २११ मध्ये होता. आताचा ५२ सुरू होतो पंजाबातल्या संगरूरला आणि संपतो कर्नाटकात अंकोल्याला, समुद्राजवळ. म्हणजे नाक्यावर चहा पिताना आपल्यासमोरून जो ट्रक जातो, तो हाच रस्ता न सोडता पंजाबात पोचू शकतो. मंद्रूप ते संगरूर अंदाजे अठराशे किलोमीटर. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणा, पंजाब. एवढा मोठा देश उभा कापायला एकच नंबर लक्षात ठेवायचा.

आता पहिला प्रश्न, कधी? आपल्याला सुट्ट्या दोनच. जूनची आणि दिवाळीची. जूनमध्ये हा रस्ता राजस्थानात चुरूवरून जातो हे विसरून चालणार नाही. १ जून २०१९ ला चुरूचं तापमान ५०.८ अंश नोंदलं गेलं होतं. आपण सोलापूर भागातले लोक उन्हाला भीत नाही असं म्हणतो खरं, पण बाईकवर वारा लागतो म्हणून गार वाटेल ही समजूत थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात सुद्धा चालणार नाही. हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर वारा उष्णता काढून नेत नाही, आणून देतो. घाम येतो तो लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं हे कळतच नाही. आणि जून संपता संपता पाऊस. लेहवाल्यांनी तर जुलै २०२३ आठवावा, बियास नदीच्या पुराने मनालीचा रस्ता जागोजागी वाहून गेला होता. अटल टनेल २०२० मध्ये सुरू झाल्यामुळे रोहतांग पास टळला, पुढचे पास टळलेले नाहीत. तांदीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी वर्षानुवर्षं फोटोत दिसत आली आहे. आपल्या १००-१२५ सीसी बाईकला दहा लिटरची टाकी आणि घाटात चाळीसचं मायलेज धरलं तर ४०० किलोमीटर. कागदावर पुरतं. पण पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळ येतो, कार्ब्युरेटरची जुनी बाईक रिच मिक्स्चरने पेट्रोल जास्त पिते आणि ताकद मात्र कमी देते. म्हणजे कॅनमध्ये पाच लिटर वेगळं न्यायला हवं. बी.ई.च्या सुट्टीत, पहिल्याच लांबच्या ट्रिपला, एकट्याने हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. संगरूर घ्या, दिवाळीत घ्या.

दिवाळीतही दोन गोष्टी विरुद्ध आहेत. एक म्हणजे दिवस लहान. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पंजाबकडे पावणेसातला उजाडतं आणि साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो. दुसरी म्हणजे आपल्याकडे साखर कारखान्यांचा सीझन त्याच सुमारास सुरू होतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, हा सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणूनच सगळ्या प्लॅनिंगचा पाया किलोमीटर नसून उजेडाचे तास हा आहे. हे जरा करून बघू. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दमलेल्या माणसाला दीड सेकंद लागतो, त्यात ३३ मीटर गेले. चांगल्या कोरड्या डांबरावर ०.६ जी ने ब्रेक लागला असं धरलं तर आणखी ४२ मीटर. एकूण ७५. आपल्या बाईकच्या डिपर लाईटमध्ये धडपणे दिसतं ४०-५० मीटर. म्हणजे रात्री ८० ने जाणारा माणूस जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवून चाललाय! ६० ला हाच आकडा साधारण ४९ येतो, तोही सगळं मनासारखं झालं तर. समोरून फुल लाईट मारणारा ट्रक आला की पन्नासचे वीस होतात. तेव्हा नियम एकच. सूर्य बुडायच्या आधी एक तास, बाईक स्टँडवर. मग उरतात नऊ-साडेनऊ तास. चहा, जेवण, पंप, पाठ मोकळी करणं, पत्ता विचारणं हे सगळं धरून सरासरी ताशी ४५ च्या वर पडत नाही. शहर आणि घाट आले की ३५. कुणी म्हणालं 'मी दिवसात सातशे मारले', तर त्याला किती वाजता निघालास आणि किती वाजता पोचलास एवढंच विचारा.

या हिशोबाने पहिला दिवस मंद्रूप ते छत्रपती संभाजीनगर, साधारण ३३५ किलोमीटर. तुळजापूर, धाराशिव, बीड, गेवराई. हा रस्ता आणि इथली भाषा आपली, म्हणून मोठा टप्पा इथेच उरकायचा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कमी, सेंधव्यापर्यंत अडीचशेच्या आत, कारण त्या दिवशी दोन घाट आहेत. कन्नडच्या पुढे औट्रम घाट (जेम्स औट्रम नावाचा इंग्रज अधिकारी खानदेशात होता, त्याच्या नावावरून) उतरून चाळीसगाव, मग धुळे, शिरपूर, आणि राज्याच्या सीमेवर बिजासन घाटाचा चढ. या दुसऱ्या घाटाबद्दल थोडं जास्त लिहितो. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ, मध्य प्रदेशाकडून उतरणाऱ्या एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले आणि तो रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. किमान दहा माणसं गेली. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की लायनिंग तापतं आणि घर्षण कमी होतं, ब्रेक फेड म्हणतात तो हाच. म्हणून जड गाडी लोअर गियरमध्ये उतरवायची असते. आपली बाईकही तशीच उतरवायची, पण इथे मुद्दा वेगळा आहे. आपण कितीही शहाणे असलो तरी मागून येणाऱ्याचे ब्रेक आपल्या हातात नाहीत. तेव्हा उताराच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून असलेल्या हॉटेलात चहाला थांबायचं नाही. वर माथ्यावर थांबा, नाहीतर सपाटीवर आणखी चार-पाच किलोमीटर पुढे जाऊन.

तिसरा दिवस इंदूरला वळसा घालून देवास, शाजापूरवरून ब्यावऱ्यापर्यंत. शाजापूरच्या आसपास कुठेतरी आपण कर्कवृत्त ओलांडतो. पाटी शोधत बसू नका, भूगोलाच्या मास्तरांची आठवण काढा आणि पुढे चला. चौथ्या दिवशी झालावाडवरून कोटा, दोनशेच किलोमीटर, दुपारी पोचून कपडे धुवायचे आणि चेन साफ करायची. सिव्हिलवाल्यांनी इथे हायवे २७ वर थोडं वाकडं जाऊन चंबळवरचा केबल-स्टेड पूल बघावा, २०१७ मध्ये सुरू झालेला आहे. पाचव्या दिवशी बुंदी, टोंक, जयपूर. सहाव्या दिवशी सीकरवरून चुरू. सातव्या दिवशी हिसार आणि नरवान्यावरून संगरूर. त्या दिवसांत हरियाणा-पंजाबात भाताचं पाचट जाळल्याचा धूर असतो, सकाळी उठून लगेच निघायची घाई नको. जाऊन-येऊन चौदा दिवस, आणि वर दोन दिवस मोकळे. हे मोकळे दिवस जयपूर बघायला वापरायचे नाहीत हं! ते पंक्चर, ताप, पाऊस आणि 'पार्ट उद्या येईल' यांचे आहेत. बीम डिझाईन करताना आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो आणि त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

खर्चाचं थोडक्यात. ३६०० किलोमीटर, सामानासकट ५० चं मायलेज, ७२ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर साडेसात हजार. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. राहायला धर्मशाळा, भक्तनिवास, पंजाबात गुरुद्वारा. खायला आपली सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी पहिले कितीतरी दिवस टिकते, बिस्किटांच्या पुड्यांपेक्षा कधीही चांगली.

आता 'एकट्याने' या शब्दाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. रिलायबिलिटी शिकताना आपण सिरीज आणि पॅरलल सिस्टिम शिकतो. सिरीजमध्ये एक घटक गेला की सगळं बंद. समजा प्रवास पार पडायला वीस गोष्टी नीट चालायला हव्यात, टायर, क्लच केबल, मोबाईल, पाकीट, पोट वगैरे, आणि प्रत्येकीची खात्री ९९ टक्के आहे. सगळ्या नीट चालण्याची शक्यता किती? ०.९९ चा विसावा घात, म्हणजे ८२ टक्के. दोघं असलात तर एकाचा मोबाईल, एकाचे पैसे, एकाची पाठ पॅरललमध्ये असते. एकटा माणूस म्हणजे शुद्ध सिरीज सर्किट. त्यामुळे दुसरा माणूस नाही तर दुसरी वस्तू तरी हवी, तीही वेगळ्या जागी.

याचं उदाहरण ताजं आहे. साताऱ्याचे योगेश आळेकरी २०२५ मध्ये मुंबईहून लंडनला बाईकने गेले. तिबेटकडून, मध्य आशियातून, चोवीस हजारांवर किलोमीटर. सगळे अवघड देश नीट पार पडले आणि ऑगस्टच्या शेवटी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या एका पार्कजवळ, दिवसाढवळ्या, बाईक चोरीला गेली. बाईकवरच्या बॅगांत पासपोर्ट, पैसे, कॅमेरे, लॅपटॉप. ही त्यांची चूक म्हणता येणार नाही, महिनोन् महिने बाईक हेच घर असतं. पण आपण त्यातून जागा वाटून घ्यायला शिकू शकतो. लायसन्स आणि थोडे पैसे अंगावर, दुसरे थोडे पैसे आणि आर.सी.ची झेरॉक्स बॅगेत, बाकी कागद डिजीलॉकरमध्ये (ते पोलिसांना चालतात), आणि मोबाईलच गेला तर घरचे दोन नंबर तोंडपाठ. खरंच पाठ आहेत का? आत्ता, न बघता लिहून बघा.

बाईकचंही तसंच. जादा क्लच केबल डिकीत ठेवण्यापेक्षा जुन्या केबलशेजारूनच आधी ओवून बांधून ठेवायची, तुटली की फक्त टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम. आपली चाकं स्पोकची असतील तर टायर ट्यूबचा, मग जादा ट्यूब हवीच, कारण ट्यूबलेसचं किट तिथे उपयोगाचं नाही. स्पार्क प्लग एक, चेनला दर पाचशे किलोमीटरला ऑईल, हवा सकाळी टायर गार असताना. सामान मागे उंच रचू नका. गुरुत्वमध्य मागे आणि वर गेला की हँडल हलकं होतं, आणि ते कळतं ते नेमकं ट्रकला ओव्हरटेक करताना.

हेल्मेट आय.एस.आय.चं. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. आणि हेल्मेट नसलेली पन्नास हजारांवर. एका वर्षात. यापुढे हेल्मेटवर काही लिहायची गरज नाही.

एकट्याला आणखी एक व्यवस्था लागते, ती बहुतेक जण करत नाहीत. रूममेट किंवा भाऊ, कुणीतरी एक माणूस ठरवा. आईला नको, ती पहिल्या दहा मिनिटांतच घाबरेल. त्याच्याकडे तुमच्या सोळा दिवसांचा कागद हवा, कुठे मुक्काम, कुठल्या रस्त्याने. रोज दोन फोन, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला. सहाचा आला नाही तर आठपर्यंत वाट बघायची, मग मुक्कामाच्या ठिकाणी फोन, मग ११२. हायवेची स्वतःची हेल्पलाईन १०३३ आहे. 'काही झालं तर कळवतो' ही व्यवस्था नाही, कारण काही झालं तर तुम्ही कळवण्याच्या स्थितीत नसता. शर्टाच्या खिशात एक कागद, रक्तगट आणि दोन नंबर, देवनागरीत आणि इंग्रजीत. मोबाईल लॉक असतो, कागद लॉक नसतो. आणि रस्त्यात पडलेल्याला उचलणाऱ्याला आता पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आहे. हे स्वतःसाठी जेवढं माहीत हवं तेवढंच रस्त्यात दुसरा कुणी पडलेला दिसला तेव्हाही.

निघायच्या निदान तीन आठवडे आधी ट्रायल घ्या. सगळं सामान, अगदी तेवढंच, बांधून उलट्या दिशेला निघा. टाकळीला भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक, आणि मंद्रूपपासून पाऊणशे किलोमीटरवर विजापूर. गोलघुमट बघा, जेवा आणि उजेडात परत या. दीडशे किलोमीटरमध्ये बरंच काही कळतं. कुठली दोरी सैल होते, पाठ कितव्या तासाला बोलते, आणि बॅगेतल्या कुठल्या वस्तूला हातसुद्धा लागला नाही. ती वस्तू काढून ठेवा आणि तिच्या जागी दुसरी ट्यूब भरा.