डीएनएचा पीळ, नरक्या आणि आपली चिकित्सा

सह्याद्रीतील नरक्या या वृक्षात आढळणारे कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य कर्करोगावरील काही महत्त्वाच्या औषधांचे मूळ आहे. हे द्रव्य पेशीतील ज्या क्रियेवर आघात करते, ती क्रिया म्हणजे डीएनएच्या पिळाची उकल होय. ती समजून घेतल्यास केमोथेरपी घेऊन परभणी, जिंतूर वा गंगाखेड येथील आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णाचा अतिसार हा नेहमीचा अतिसार का नव्हे, हे ध्यानी येते.

पीळ व अतिपीळ

डीएनए हा दोन पेडांचा दोर होय. त्याचा एक वेढा सुमारे साडेदहा पायऱ्यांत पूर्ण होतो. केकताडाच्या दोन पेडी दोराचे एक टोक खुंटीला घट्ट बांधावे आणि दोर फिरू न देता दुसऱ्या टोकाकडून पेड विलग करावेत. पुढचा भाग अधिकाधिक आवळत जातो व अखेर दोर स्वतःभोवतीच वेटोळी घेतो. या वेटोळ्यांस आपण अतिपीळ म्हणू.

पेशीतही डीएनएला मोकळेपणी फिरता येत नाही. बहुतेक जिवाणूंत तो वर्तुळाकार असतो, तर मानवी पेशीत त्याचे लांब फास प्रथिनांनी जखडलेले असतात. जेरोम विनोग्राड व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये एका विषाणूच्या वर्तुळाकार डीएनएत अतिपीळ असल्याचे दाखविले.

अतिपीळ दोन प्रकारचा असतो. पीळ किंचित सैल असल्यास तो ऋण अतिपीळ. त्यामुळे पेड सहज उलगडतात आणि जनुकांचे वाचन सुलभ होते. पीळ प्रमाणाबाहेर आवळल्यास तो धन अतिपीळ. त्यामुळे वाचन व प्रत काढणे या दोन्ही क्रिया अडतात. जिवाणूतील प्रत काढणारी यंत्रणा सेकंदास सुमारे १००० पायऱ्या ओलांडते. म्हणजेच दर सेकंदास सुमारे ९५ वेढे सोडविणे भाग पडते.

पीळ सोडविणारी विकरे

हे कार्य टोपोआयसोमरेज नामक विकरे करतात. यांपैकी पहिले विकर जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये वर्णिले. प्रथम वर्गातील विकर एक पेड कापते, ताण सुटू देते आणि पेड पुन्हा सांधते. द्वितीय वर्गातील विकर दोन्ही पेड कापून त्या फटीतून दुसरा भाग पलीकडे नेते व मग सांधते. जिवाणूंतील गायरेज हे विकर याच वर्गातील असून ते १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट व सहकाऱ्यांनी शोधले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध या गायरेजलाच निकामी करते.

नरक्याचे कार्य

कॅम्प्टोथेसिनचा शोध १९६६ मध्ये मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी वृक्षातून लावला. वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबार येथे झाला आणि शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी हेच द्रव्य नरक्यातही असल्याचे प्रसिद्ध केले.

हे द्रव्य प्रथम वर्गातील विकराने कापलेला पेड पुन्हा सांधू देत नाही, हे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. प्रत काढणारी यंत्रणा त्या कापावर येऊन आदळली की दोन्ही पेड तुटतात व पेशी मरते. म्हणूनच सतत विभाजन पावणाऱ्या पेशींस अधिक हानी पोहोचते. कर्करोगाच्या पेशी अशा असतात, तशाच अस्थिमज्जेच्या व आतड्याच्या अस्तराच्याही असतात. मूळ द्रव्याच्या आरंभीच्या चाचण्या मूत्राशय व मज्जेवरील तीव्र दुष्परिणामांमुळे १९७०च्या दशकात थांबवाव्या लागल्या. त्यापासून बनविलेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे पुढे प्रचारात आली.

चिकित्सकांनी घ्यावयाची दक्षता

१. इरिनोटेकानचे क्रियाशील रूप यकृतात निष्प्रभ होऊन पित्तावाटे आतड्यात उतरते. तेथील जिवाणू त्यास पुन्हा क्रियाशील करतात व अस्तराची हानी होते. औषध दिल्यापासून २४ तासांनंतर सुरू होणारा असा अतिसार श्वेतपेशी घटलेल्या असताना प्राणघातक ठरू शकतो.

२. म्हणून अतिसाराच्या रुग्णास केमोथेरपीविषयी अवश्य विचारावे व औषधाचे नाव कागदपत्रांवरून पडताळावे. इरिनोटेकान असल्यास केवळ पाचन वा स्तंभन योजून वाट पाहू नये. रुग्णास विनाविलंब कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. ताप असल्यास क्षणाचाही विलंब नको.

३. या काळात त्रिफळा, हरीतकी, सोनामुखी आदी सारक द्रव्ये टाळावीत.

४. वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी, असे मानू नये. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच रुग्णांवरील एका अभ्यासात सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीने इरिनोटेकानच्या क्रियाशील रूपाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटविले. आपण दिलेले प्रत्येक औषध तज्ज्ञास लेखी कळवावे.

औषधनिर्मात्यांसाठी

काही भागांत नरक्यास अमृता असेही म्हणतात. आपल्या निघंटूंत अमृता म्हणजे गुडूची. केवळ स्थानिक नावावर माल घेतल्यास गुळवेलीच्या जागी पेशीनाशक द्रव्य येण्याचा धोका संभवतो. खरेदीपत्रावर वनस्पतिशास्त्रीय नाव असावेच. नरक्यासाठी ते नोथापोडायटिस निमोनियाना व गुळवेलीसाठी टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होय. तसेच नरक्याचे चूर्ण वा काढा कर्करोगावरील औषध म्हणून कदापि देऊ नये. त्यात द्रव्याची मात्रा निश्चित नसते आणि उपयुक्त व घातक मात्रांतील अंतर अत्यल्प आहे.

सारांश

पीळ सुटल्याविना पेशीचे विभाजन नाही. जे औषध ही उकल रोखते, ते रोगी पेशी व निरोगी पेशी असा भेद करीत नाही. तो भेद मात्रा, वेळ व दक्षता यांनी चिकित्सकासच राखावा लागतो.