पत्ता शेवटून वाचा

मंडळी, पाकिटावर पत्ता कसा लिहितात? आधी नाव, मग गाव, तालुका, शेवटी जिल्हा. टपाल वेगळे करणारा मात्र आधी शेवट पाहतो.

इंटरनेटचेही तसेच. इंटरनेट म्हणजे जगभरचे संगणक जोडणारे जाळे. त्यातल्या एखाद्या संगणकावर माहितीची पाने ठेवतात, ती वेबसाइट. प्रत्येक वेबसाइटला पत्ता असतो. अक्षरे बहुधा इंग्रजी, मधे टिंबे. टिंबाला डॉट म्हणतात.

सातबारा पाहायचा पत्ता घ्या : भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन. आता शेवटून वाचा. इन म्हणजे भारत. गव्ह म्हणजे सरकार. महाभूमी हे राज्याचे जमिनीचे खाते. भूलेख ही त्यातली एक खोली. गव्ह डॉट इन हा शेवट सरकारी कामालाच मिळतो.

मागे मला मोबाइलवर निरोप आला. हयातीचा दाखला भरा, नाहीतर पेन्शन बंद! खाली बोटाने दाबायची ओळ होती. तिला लिंक म्हणतात. तीत गव्ह डॉट इन दिसले. मी दाबणारच होतो. पण चष्मा लावून पुन्हा वाचले. गव्ह डॉट इन मधेच होते, पुढे आणखी एक डॉट, आणि शेवट कॉम! मधे काय वाटेल ते लिहिता येते हो. बोट मागे घेतले.

सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडा. पुढे एकटी तिरकी रेघ आली की नाव तिथे संपले. तिच्या अलीकडे पाहा : जी, ओ, व्ही, टिंब, आय, एन. ही पाच अक्षरे आज पाटीवर गिरवून घ्या.