दुसरी वाट, पण वेस एकच
(गट ऑफिस व सोसायटीच्या संगणकाला सिमकार्डाचा मॉडेम कसा जोडावा)

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



शेतकी विभागाचा लेख म्हटला की त्यात लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट असे काही असणार, ही आपली अपेक्षा रास्त आहे. परंतु या खेपेला विषय जरा निराळा घेतला आहे. उसाची नोंद द्यायला आपण गट ऑफिसात जाता, किंवा कर्जाचा उतारा आणायला सोसायटीत जाता, आणि तेथे ऐकायला मिळते, "थांबा, नेट गेलंय." हे वाक्य आता "लाईट गेलीय" इतकेच नेहमीचे झाले आहे. त्यावर उपाय आहे व तो फार खर्चाचा नाही. मात्र तो चुकीच्या पद्धतीने केला तर दुखण्यापेक्षा औषध भारी पडते. म्हणून हा पाठ.

नेट गेल्याने आपले काय अडते?

कारखान्याच्या आवारात काटा आणि मुख्य संगणक एकाच आतल्या तारेने जोडलेले असतात. बाहेरचे नेट गेले म्हणून वजन थांबत नाही. अडते ते आवाराबाहेरचे काम. गट ऑफिसातली नोंद मुख्य ऑफिसला पोचत नाही, तोडणीचा क्रम पुढेमागे होतो, वजनाचा एसएमएस सभासदाला मिळत नाही, सोसायटीच्या कपातीचा मेळ लागत नाही आणि बिलाची यादी बँकेला जात नाही. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत, ही मुदत ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ याने घातली. त्या चौदा दिवसांतले दोन दिवस रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने तोडलेल्या केबलीपायी जावेत, हे कोणालाच परवडणारे नाही.

सोसायट्यांचेही तेच. देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण करण्याची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. खतावण्या संगणकात गेल्या की लाईन हीच संस्थेची नाडी होते.

विहीर आणि पाट

कॅनॉलच्या आवर्तनाचा भरवसा नाही म्हणून आपण विहीर पाडतो. पण विहिरीचे पाणी सोडताना उसात कोठूनही धार लावीत नाही. तेही त्याच चारीने, त्याच दाऱ्यावरून सरीत जाते. दारे धरणारा एकच असतो, म्हणून कोणाला किती पाणी गेले हे त्याला कळते. नेटच्या दुसऱ्या वाटेचे असेच आहे. वाट दुसरी असावी, पण वेस एकच असावी.

ही वेस म्हणजे फायरवॉल. वणवा पुढे सरकू नये म्हणून डोंगरावर जाळरेषा काढतात, त्याच जातीचे हे नाव आहे. ऑफिसातले सर्व संगणक एका बाजूला, बाहेरचे सारे जग दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ही पेटी. आतून कोण बाहेर गेला हे ती लक्षात ठेवते. त्याला आलेले उत्तर आत सोडते. न बोलावता आलेल्याला वेशीवरूनच परत पाठवते.

आता नेट गेल्यावर बहुतेक ठिकाणी काय होते ते पाहा. कारकून आपला मोबाईल काढतो, हॉटस्पॉट सुरू करतो आणि संगणक त्याला जोडतो. काम होते, सगळे त्याला शाबासकीही देतात. पण तो संगणक एका हाताने ऑफिसच्या आतल्या जाळ्याला आणि दुसऱ्या हाताने बाहेरच्या जगाला धरून उभा असतो. म्हणजे वेशीवर रखवालदार बसवला आणि गावकुसाला मागे भगदाड पाडले! त्या भगदाडातून काय आले, काय गेले, याची नोंद कोठेच होत नाही.

कीड एकदा आत शिरली की काय होते याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. २७ जून २०१७ रोजी मार्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले संगणक 'नॉटपेट्या' नावाच्या किडीने बंद पाडले. त्यात न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचे कामही थांबले. ती कीड हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या वाटेने युक्रेनमधून पसरली, हॉटस्पॉटने नव्हे. पण आत आल्यावर ती एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप गेली, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवायची. लोकरी मावा एका सरीत दिसला की आपण बाकीचे वावर तपासतो, ते याच कारणाने.

मॉडेम म्हणजे काय?

संगणकाची भाषा तारेवर किंवा हवेतून जाईल अशा लहरीत बदलणारे आणि पलीकडून आलेली लहर पुन्हा संगणकाच्या भाषेत आणणारे यंत्र म्हणजे मॉडेम. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. तेव्हा मॉडेम टेलिफोनला लावीत, तो नंबर फिरवी आणि नेट चालू असेपर्यंत फोन एंगेज राही. पुढे त्याचा वेग वाढून सेकंदाला ५६ हजार बिट, म्हणजे साधारण ७ हजार अक्षरे, इथपर्यंत गेला. त्या हिशोबाने सातबाराची २ मेगाबाइटची एक स्कॅन प्रत पाठवायला जवळजवळ पाच मिनिटे लागत.

आजचा सिमकार्डाचा मॉडेम हा त्याचाच नातू. त्याला टेलिफोनची तार नाही, पण घराण्याची सवय अजून आहे. पुष्कळ मॉडेम आजही *९९# हा नंबर 'फिरवूनच' नेट घेतात.

खरेदी करण्यापूर्वी

१) मॉडेम ४जीचाच घ्यावा. जिओचे जाळे २०१६ साली सुरू झाले तेच ४जीवर. घरात पडलेला जुना ३जी डोंगल तेथे चालत नाही.

२) ज्या जागी पेटी बसायची त्याच जागी उभे राहून दोन-तीन कंपन्यांच्या मोबाईलचा सिग्नल पाहावा. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल मरतो. तेथे बाहेर अँटेना लावावी, पण तिची तार शक्य तितकी आखूड ठेवावी. यूएसबीची तार ५ मीटरपेक्षा लांब नेऊ नये.

३) फायबर ज्या कंपनीचे असेल, सिम शक्यतो दुसऱ्या कंपनीचे घ्यावे. एकाच विहिरीवर दोन मोटारी बसवून पाणी दुप्पट होत नाही.

४) सिम संस्थेच्या नावावर असावे, कारकुनाच्या नव्हे. सिमचा पिन काढून ठेवावा, नाहीतर लाईट जाऊन आली की मॉडेम पिन मागत बसतो.

५) आपली फायरवॉल कोणते मॉडेम ओळखते याची यादी आधी पाहावी. यादीत नसलेला स्वस्त डोंगल आणला तर तो निव्वळ खुंटीला टांगावा लागतो. असा पेच असेल तर सिम बसणारा छोटा राउटर घ्यावा आणि साध्या नेटच्या तारेने फायरवॉलच्या मोकळ्या पोर्टला जोडावा. मात्र त्या राउटरचे वायफाय बंद करावे. ते चालू राहिले तर लोक परस्पर त्याला जोडून घेतात आणि भगदाड पुन्हा उघडते.

जोडणीचा क्रम

पीएफसेन्स नावाची फायरवॉल फुकट मिळते आणि दोन नेट कार्ड असलेल्या संगणकावर चालते. तिच्या आधाराने क्रम सांगतो. इतर फायरवॉलमध्ये नावे बदलतील, क्रम साधारण हाच राहील.

पहिली पायरी : मॉडेम यूएसबीला लावावा. सिग्नल कमी असला की मॉडेम जास्त करंट ओढतो आणि मध्येच बंद पडतो. तसे होत असेल तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब वापरावा. काही डोंगल पहिल्यांदा मॉडेम म्हणून न दिसता सीडीसारखे दिसतात. तेव्हा मॉडेम बिघडला असे समजू नये, त्याची तऱ्हा बदलावी लागते.

दुसरी पायरी : 'इंटरफेसेस'मध्ये 'पीपीपी' या ठिकाणी नवीन जोड तयार करावा. मॉडेमचे पोर्ट निवडावे. फोन नंबर *९९#. त्यानंतर एपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातल्या दरवाजाचे नाव. बीएसएनएलचे बीएसएनएलनेट, जिओचे जिओनेट, एअरटेलचे एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम. पेटीत हे इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहावे. एक अक्षर चुकले तरी सिग्नल पूर्ण दिसतो पण नेट येत नाही.

तिसरी पायरी : हा जोड 'असाइन' करून चालू करावा. आता फायरवॉलला बाहेरच्या दोन वाटा झाल्या. नव्या वाटेवर बाहेरून आत येण्याची परवानगी देणारा एकही नियम लिहू नये. नियम नाही म्हणजे दार बंद, हीच फायरवॉलची मूळ रीत आहे.

चौथी पायरी : दोन्ही वाटांचा एक गट करावा. फायबरला पहिला क्रम, सिमला दुसरा. सर्व वाहतुकीसाठी हाच गट मुख्य वाट म्हणून नेमावा. हे राहिले तर मॉडेम जोडलेला दिसतो, पण वेळेला उपयोगी पडत नाही.

पाचवी पायरी : लाईन जिवंत आहे का, हे फायरवॉल एका पत्त्याला सतत हाक मारून पाहते. तो पत्ता दूरचा द्यावा. भिंतीवरच्या फायबरच्या पेटीचाच पत्ता दिला तर पुढे दोन मैलांवर केबल तुटली तरी पेटी 'ओ' देत राहते आणि फायरवॉल फसते. फाट्याला पाणी आले का हे पाहायला फाट्यावरच जावे लागते, बांधावर बसून कळत नाही. दोन वाटांना दोन वेगळे पत्ते द्यावेत, जसे एकाला ८.८.८.८ आणि दुसऱ्याला १.१.१.१.

सहावी पायरी : नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर दोन्ही वाटांसाठी वेगवेगळा नेमावा. वाट बदलते पण एकही पान उघडत नाही, याचे कारण पुष्कळदा इथेच सापडते.

बारा कोणाला द्यायचा?

विहिरीचे पाणी थोडे, म्हणून ते आधी रोपांना देतो. सिमच्या डेटाचेही तसेच. वजनाची एक नोंद २ किलोबाइटची धरली तर हजार नोंदी मिळून २ मेगाबाइट होतात. उलट सेकंदाला २ मेगाबिट घेणारा एक कॅमेरा तासाला ९०० मेगाबाइट पितो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तो एकटा कॅमेराच पावणेदोन तासांच्या आत संपवील. म्हणून सिमच्या वाटेने फक्त नोंदणी, हिशोब व बँक एवढेच जाऊ द्यावे. कॅमेरा, संगणकाचे अपडेट आणि व्हिडिओ या वाटेवर बंद ठेवावेत. तसा नियम फायरवॉलमध्ये लिहिता येतो.

आणखी दोन गोष्टी. वाट बदलताना चालू असलेले काम तुटते व पुन्हा लॉगिन करावे लागते. त्यामुळे बँकेची यादी अर्धवट गेली की पूर्ण, ते तपासूनच पुन्हा पाठवावी. आणि मोबाईल कंपन्या बहुधा अनेक ग्राहकांमागे एकच बाहेरचा पत्ता ठेवतात. त्यामुळे सिमच्या वाटेने बाहेरून ऑफिसचा संगणक उघडता येईल असे धरून चालू नये.

रंगीत तालीम

खरे सांगायचे तर इथपर्यंतचे सगळे अर्धेच काम झाले. आगीचा बंब दारात उभा आहे, पण त्यात पाणी आहे का हे कोणी पाहिले? महिन्यातून एक दिवस ठरवावा, कामाच्या वेळेतच, आणि फायबरची तार स्वतः उपटावी. घड्याळ लावून पाहावे की किती वेळात सिमवर काम सुरू होते. मग तार परत लावून फायबरवर परत येते का तेही पाहावे. तारीख व वेळ वहीत लिहावी. त्याच वहीत रिचार्जची तारीखही लिहावी. जून ते सप्टेंबर सिम वापरात नसते, रिचार्ज विसरतो, आणि हंगामाच्या तोंडावर पहिल्याच दिवशी ते बंद निघते. फायबरची पेटी, फायरवॉल आणि मॉडेम तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर असावेत, नाहीतर लाईट गेल्यावर दोन वाटा असून मधली वेसच बंद.

सभेत विचारायचे चार प्रश्न

आपल्यापैकी अनेकजण सोसायटी, दूध संस्था, उपसा सिंचन योजना यांवर पंच आहेत. मॉडेम स्वतः बसवता आला नाही तरी चालेल, पण पुढच्या मीटिंगला हे चार प्रश्न जरूर विचारावेत :

१) फायबर तुटले तर आपले काम कोणत्या वाटेने चालते?
२) ती वाट फायरवॉलमधून जाते की कारकुनाच्या मोबाईलमधून?
३) सिम कोणाच्या नावावर आहे व रिचार्ज कोणत्या तारखेपर्यंत आहे?
४) तार उपटून तालीम शेवटची केव्हा केली?

चौथ्या प्रश्नाला जेथे तारीख सांगतात तेथे निर्धास्त राहावे. जेथे "सगळं ओके आहे" एवढेच उत्तर येते तेथे त्याच मीटिंगमध्ये तालमीचा दिवस ठरवून घ्यावा. आपले वजन, आपली कपात आणि आपले बिल याच वाटेने येते-जाते, तेव्हा विचारण्याचा हक्क आपलाच आहे. जोडणीविषयी अधिक काही विचारायचे असल्यास गट ऑफिसात जरूर यावे.