पट्टा छातीला की मनगटाला

तुझ्यासाठी छातीचा पट्टा आणि माझ्या ताईसाठी मनगटावरचा साधा बँड. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे दुकानात उभी राहून मला फोटो पाठवत बसायला नको. आता कारणं नीट ऐक. मावशी म्हणते म्हणून घेतलं असं नको. उद्या तुझ्या मैत्रिणींनी विचारलं तर तुला सांगता आलं पाहिजे.

दोन्ही वस्तू हृदयाचे ठोके दाखवतात म्हणून लोकांना त्या एकच वाटतात. पण त्यांचं काम वेगळं आहे. छातीचा पट्टा विजेवर चालतो, म्हणजे हृदयाच्या विजेवर. प्रत्येक ठोक्याला हृदयात जो बारीकसा विद्युत झटका उठतो, तो पट्ट्याची दोन इलेक्ट्रोड कातडीवरून टिपतात. दवाखान्यात ईसीजी काढतात त्याचंच हे छोटं रूप. फिनलंडमधल्या पोलार कंपनीने 1982 साली ‘स्पोर्ट टेस्टर पीई 2000’ बाजारात आणला. पट्टा छातीला, आकडा मनगटावरच्या घड्याळात आणि मध्ये वायर नाही. मुळात तो बर्फावर स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंसाठी होता. त्याआधी सरावात ठोके बघायचे तर थांबून नाडीवर बोटं ठेवावी लागत. आम्ही मैदानावर कितीतरी वर्षं तेच करत होतो.

मनगटावरचा बँड वीज बघत नाही, उजेड बघतो. तो उलटा करून पाहा, मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त जास्त येतं, परत येणारा उजेड कमी होतो आणि या चढउतारावरून बँड ठोके मोजतो. तू खुर्चीत बसलेली असलीस, झोपलेली असलीस, सावकाश चालत असलीस तर हे काम छान होतं. पण पळताना हात हलतो, पट्टी सरकते, घामाने कातडी निसरडी होते. चालत्या एसटीत बसून वहीत लिहावं तसं त्या बिचाऱ्या सेन्सरचं होतं.

साताऱ्यात याचा त्रास कसा होईल ते सांगते, कारण तुझी हाफ मॅरेथॉन तिथेच आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने उतरून यायचं. चढावर तुझी पावलं हळू पडतात, पण हृदय धडधडत असतं. उतारावर नेमकं उलटं: पावलं भराभर पडतात आणि हृदय जरा निवांत होतं. मनगटावरच्या सेन्सरची एक खोड अशी की पळण्याचा हादरा जोरात बसू लागला की तो कधीकधी ठोके सोडून पावलांचाच ताल पकडतो. मिनिटाला 170 पावलं पडत असतील तर तुझे ठोके 170 दाखवतो, जरी ते प्रत्यक्षात 145 असले तरी. म्हणजे चढावर जिथे तुला खरा आकडा हवा तिथे तो कमी दिसू शकतो आणि उतारावर उगाच जास्त. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने पळणारीचं छातीच्या पट्ट्यावाचून अडणार नाही. घाटात अडतं.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. घड्याळात ठोके आणि पावलांचा ताल हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लाव. दोन्ही जोडीने वर-खाली होत असतील, तर समज की ते पाय मोजतंय. लगेच थांब, तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याखालच्या नाडीवर ठेव आणि 10 सेकंद मोजून 6 ने गुण. अंगठ्याने मोजू नकोस, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. आणि थांबल्या थांबल्या मोज. हृदय पटकन शांत होतं; तू पाण्याची बाटली उघडून, दोन घोट घेऊन मोजलंस तर निराळाच आकडा येईल. कुठलंही यंत्र घे, पण नाडी मोजायचा हा सराव सोडू नकोस. पहिल्या आठवड्यात यंत्र आणि बोटं रोज ताडून बघ.

आता पट्टा वापरायची रीत, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच येतात. इलेक्ट्रोडच्या जागा बांधण्यापूर्वी पाण्याने ओल्या कर. कोरड्या कातडीवर वीज नीट पोचत नाही. हिवाळ्यात कोरड्या पट्ट्यावर सिंथेटिक टी-शर्ट घासला की सुरुवातीची काही मिनिटं 200 च्या पुढचे आकडे दिसतात. त्याने घाबरू नकोस, घाम आला की ते जागेवर येतं. पट्टा छातीच्या खाली, बरगड्यांना चिकटून बसला पाहिजे. स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीशी त्याची ओढाताण होत असेल तर तो त्या पट्टीच्या आत घाल. खोल श्वास घेता आला पाहिजे आणि उड्या मारल्यावर तो घसरता कामा नये. घरी आलीस की मधलं बटनासारखं यंत्र काढून ठेव. ओल्या पट्ट्याला ते तसंच लावून ठेवलं तर त्याला वाटतं तू अजून पळतेच आहेस आणि सेल संपतो. पट्टा साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळव. घामाचं मीठ साचलं की आधी पुरळ येतं, मग पट्टा मरतो. बहुतेक कंपन्यांचा नुसता पट्टा वेगळा मिळतो, तेव्हा तो बिघडला म्हणून सगळंच टाकून देऊ नकोस.

छातीला बांधणं नकोच वाटलं तर मधला मार्ग आहे: दंडाला किंवा कोपराखाली बांधायचा प्रकाशाचा पट्टा. तिथे मांस जास्त, हाड कमी आणि हालचालही मनगटापेक्षा कमी, म्हणून आकडा बराच बरा येतो. माझ्या गटातल्या ज्या बायका हातातल्या बांगड्या काढत नाहीत, त्यांना मी हाच सुचवते. बांगड्यांच्या मागे-पुढे बँड धड बसत नाही आणि त्यासाठी कोणी बांगड्या उतरवाव्यात असं मी म्हणणार नाही. सायकलवाल्यांनाही हा बरा, कारण हँडल घट्ट धरलं की मनगट वाकतं आणि तिथला रक्तप्रवाह दबतो. वजनं उचलतानाही तेच. पोहणाऱ्यांनी मात्र आकडे साठवून ठेवणारंच यंत्र घ्यावं, ब्लूटूथ पाण्यातून पोचत नाही.

पट्टा घेतलास तरी त्याचा आकडा कशाशी ताडायचा हा प्रश्न उरतोच. 220 वजा वय हे सूत्र सगळ्या अॅपमध्ये बसवलेलं असतं. तू 34 ची, म्हणजे मिनिटाला कमाल ठोके 186. 2001 साली तनाका आणि सहकाऱ्यांनी सुचवलेलं दुसरं सूत्र 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करायला सांगतं, त्याने तुझे 184 येतात. तुझ्या वयाला फरक नगण्य, पण ताईच्या 62 ला पहिलं सूत्र 158 म्हणतं आणि दुसरं जवळजवळ 165. शिवाय दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत. एकेका माणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सामान्य. म्हणून अॅपने या कमाल आकड्यावरून रंगवलेल्या झोनपेक्षा तुझ्या बोलण्यावर जा. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम जोर. तीन-चार शब्दांत धाप लागते, तो जास्त. सोप्या दिवशी पूर्ण वाक्य बोलता येतं तेव्हा पट्ट्यावर कोणता आकडा आहे तो बघून ठेव. तो तुझा स्वतःचा आकडा. चढावर तो ओलांडू लागलीस तर निःसंकोच चाल. घाटात चालण्यात कमीपणा नाही.

आणि मुंबईला सासरी गेलीस की वेग आणि ठोक्यांचा मेळ बसणार नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं, रक्त कातडीकडे वळतं, शरीरातलं पाणी घटतं. त्याच वेगाला तासाभरात ठोके वर चढत जातात. तिथे वेग सोड, ठोके धर.

आता ताईचं. तिला पळायचं नाही, इंटरव्हल करायचे नाहीत. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, तर तिचा प्रश्न एवढाच की आज आपण पुरेसं हललो का. त्याला बँड चोख उत्तर देतो. हलका, मोठ्या अक्षरांचा आणि आठवडाभर चार्जिंग टिकणारा बघ. रोज चार्जरला लावावा लागणारा बँड तिसऱ्या आठवड्यात कपाटात जातो. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर आणि घट्टसर बांधायचा. सैल बांगडीसारखा घातला तर हिरवा उजेड बाहेर पडतो आणि आकडे चुकतात.

तिला 10,000 पावलांच्या मागे लावू नकोस. हा आकडा 1965 मध्ये जपानमध्ये निघालेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला, कुठल्या डॉक्टरांच्या अभ्यासातून नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे 4,400 पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदर 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी दिसला आणि साधारण 7,500 नंतर आणखी फरक दिसेना. ती आज किती चालते ते आधी आठवडाभर नुसतं बघा, मग त्यात थोडीथोडी भर घाला. भाजीच्या जड पिशव्या दोन्ही हातांत असल्या किंवा जिन्याचा कठडा धरलेला असला की हात हलत नाही आणि पावलं मोजली जात नाहीत. पोळ्या लाटताना मात्र काही पावलं फुकट जमा होतात. त्यावरून हिरमुसायचं नाही आणि खूशही व्हायचं नाही.

एक गोष्ट तिच्या बाबतीत फार महत्त्वाची. तिची रक्तदाबाची गोळी कोणती आहे ते बघ. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अॅटेनोलॉल अशी ‘लॉल’ने संपणारी असेल तर ती हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवते. मग 220 वजा वय हे गणित तिला लागूच होत नाही. अॅप म्हणेल अजून जोर लावा आणि ती बिचारी जोर लावेल. ती झोनची सूचना बंद करून टाक आणि किती दमेपर्यंत चालायचं ते तिच्या डॉक्टरांना विचार. ओळखीत कोणाला पेसमेकर असेल तर त्यांनीही पट्टा घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

कॅलरीच्या आकड्याकडे तुम्ही दोघीही बघू नका. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. ठोक्यांमध्ये सहा यंत्रांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीमध्ये सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी 27 टक्के चुकलं. त्या आकड्यावर पोळी वाढवणं किंवा कमी करणं योग्य नाही. झोपेच्या गुणांचंही मी असंच म्हणेन. सकाळी उठून ताजंतवानं वाटत असेल तर झोप झाली.

विकत घेताना फक्त एवढं विचार की पट्टा तुझ्या आत्ताच्या घड्याळाला आणि फोनला जुळतो का, सेल घरी बदलता येतो का आणि छातीचं माप कोणतं. बाकी वैशिष्ट्यांची यादी कितीही लांब असली तरी तिचे पैसे देऊ नकोस.

शेवटचं, आणि हे ताईला समोर बसवून सांग. काही घड्याळं आता ईसीजी काढतात. अनियमित ठोके ओळखायला त्याचा उपयोग होतो, पण हृदयविकाराचा झटका त्यात कळत नाही. बनवणारेही हेच सांगतात. छातीवर दडपण आलं, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर घड्याळ काय म्हणतं ते बघत बसू नका. आकडा कितीही चांगला दिसत असला तरी चालणं तिथेच थांबवा आणि 108 ला फोन करा.