पटावर चौदा, कागदावर दहा

चाचणी झाली की केंद्राच्या बैठकीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तुमची शाळा किती टक्के?’ मुख्याध्यापक आकडा सांगतात, केंद्रप्रमुख तो लिहून घेतात आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर तालुक्याची सरासरी जाऊन पडते. ती अलिबागला रायगड जिल्हा परिषदेत पोचेपर्यंत उरणपासून श्रीवर्धनपर्यंतची सगळी मुलं त्या एका आकड्यात विरघळलेली असतात. म्हणून निकाल वाचायचा तो आधी शाळेतच. त्याची ही कृती मुख्याध्यापकांसाठी आहे आणि नव्या केंद्रप्रमुखांसाठी आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या पण बैठकीत फक्त सही करायला बोलावल्या जाणाऱ्या आईसाठीही ती आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो, तेव्हा तिने हजेरीपट मागितला तर कुणी भुवया उंचावू नयेत.

साहित्य : हजेरीपट, मुलांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, रेघांची एक वही, लाल आणि निळं पेन. संगणक नसला तरी चालेल. वेळ एक दुपार आणि दोन सकाळी.

पहिल्यांदा हातातला कागद कुठल्या चाचणीचा आहे ते पाहा. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून प्रश्नपत्रिका येते ती पायाभूत किंवा संकलित चाचणी. ती वर्गातली सगळी मुलं देतात, तपासतात वर्गशिक्षक, आणि गुण ‘विद्या समीक्षा केंद्रा’कडे ऑनलाइन भरले जातात. तुमच्या शाळेबद्दल काही सांगेल तर हीच. ‘परख’चं राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक मुलांचं झालं. ते जिल्ह्याबद्दल बोलतं, तुमच्या दोन खोल्यांच्या शाळेबद्दल नाही. त्याआधीचं संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ चं, तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचं. त्यातले गुण पाचशेच्या मापावर होते, परखचे टक्क्यांत आहेत. एकातून दुसरं वजा करून ‘रायगड वर गेला’ किंवा ‘खाली आला’ म्हणणं म्हणजे पायलीतून किलो वजा करणं. तरीही दर वेळी कुणीतरी ते करतंच.

तिसरा कागद ‘असर’चा. प्रथम संस्थेचं हे सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे. ते मुलांना शाळेत नाही, घरात तपासतं. ग्रामीण भागात जिल्ह्यातली तीस गावं, गावातली वीस घरं, म्हणजे सहाशे घरं. एवढ्याशा नमुन्यातून मुरुड तालुक्याचं काय झालं हे काढता येत नाही, काढूही नये. पण त्याची पद्धत फार कामाची आहे. ती पुढे वापरायची आहे.

आता हजेरीपट उघडा. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि बहुतेक ठिकाणी हीच गाळली जाते. समजा तिसरीच्या पटावर चौदा मुलं आहेत. चाचणीला बसली दहा, त्यातल्या सातांना उतारा वाचता आला. कागदावर सत्तर टक्के. पटावर पन्नास. चाचणीला न बसलेली चार मुलं कोण, ते नावानिशी लाल पेनाने लिहा.

खाडीपट्ट्यात आणि डोंगराच्या पायथ्याशी ही नावं बऱ्याचदा कातकरी वाडीतली निघतात. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे जुलै-ऑगस्टच्या पायाभूत चाचणीला मूल वर्गात असतं आणि एप्रिलच्या संकलितला नसतं. यातून एक विचित्र गोष्ट घडते. सगळ्यात कच्ची मुलं निघून गेल्यामुळे वर्गाची सरासरी वाढते आणि शाळेला शाबासकी मिळते. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या चाचणीची तुलना फक्त दोन्ही वेळा हजर असलेल्या मुलांची करा. उरलेल्यांची यादी वेगळी ठेवा. त्या यादीसमोर आणखी एक रकाना आखा : जाताना मुलाला शिक्षण हमी कार्ड दिलं होतं का, आणि जिथे गेलं तिथल्या शाळेने ते पाहिलं का. हा रकाना रिकामा राहिला तर तोही निकालच.

कोळीवाड्यात गैरहजेरीचं गणित वेगळं असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा घरची माणसं घरात असतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या की मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड येतं आणि तिची शाळा जाते. चाचणीच्या दिवशी कोण नव्हतं एवढंच पाहून हे कळत नाही. मागच्या तीन महिन्यांची हजेरी चाळा.

यानंतर टक्के काढायचे की नाही ते ठरवा. पटावर वीसपेक्षा कमी मुलं असतील तर काढूच नका, असं माझं मत. मागच्या वर्षी नऊपैकी सहा वाचणारी, यंदा आठपैकी पाच. अहवालात ६७ वरून ६२.५, म्हणजे ‘घसरण’. प्रत्यक्षात दोन्ही वर्षी न वाचणारी मुलं तीनच. आपल्याकडे दहा-बारा पटाच्या शाळा किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे ‘तीन मुलं राहिली, त्यातली दोन अक्षरावर, एक शब्दावर’ असं लिहिणं जास्त खरं आणि जास्त उपयोगाचं.

पहिली सकाळ वाचनाची. लेखी चाचणीतले भाषेचे गुण बाजूला ठेवा आणि मुलाला एकेकटं शेजारी बसवा. बाक नको, ओटीवर किंवा झाडाखाली चालेल. उतारा पाठ्यपुस्तकातला घेऊ नका. ‘बालभारती’चे धडे काही मुलांना इतके पाठ असतात की पुस्तक उलटं धरलं तरी ती वाचतात. पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा नवा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट स्वतः लिहा, मोठ्या अक्षरात. ‘असर’ची रीत अशी : सुरुवात उताऱ्यापासून. जमला तर गोष्ट द्यायची. मूल अडखळलं तर पाच शब्द वाचायला द्यायचे, त्यातले चार यायला हवेत. तेही नाही तर अक्षरं, तीच अट. मूल कुठल्या पायरीवर थांबलं तेवढंच नोंदवायचं, मार्क द्यायचे नाहीत.

इथे कान तयार हवा. आगरी-कोळी घरातलं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणेल, ‘डोळा’ला ‘डोला’, ‘घोडा’ला ‘घोरा’. ही वाचनाची चूक नाही. त्याने अक्षर ओळखलं, अर्थ कळला, उच्चार घरचा केला. खरी चूक म्हणजे ‘पाणी’च्या जागी ‘पाटी’ वाचणं, किंवा पहिलं अक्षर पाहून उरलेला शब्द ठोकून देणं. कोर्लईत तर ख्रिस्ती वस्तीतल्या काही मुलांच्या घरात पोर्तुगीजातून तयार झालेली बोली आजही चालते, मराठी त्यांना अंगणात आणि शाळेत भेटते. अशा मुलाला उतारा वाचून झाल्यावर ‘काय झालं गोष्टीत?’ एवढं विचारा आणि त्याच्या भाषेत उत्तर घ्या. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या उर्दू माध्यमाच्या शाळांचा भाषेचा निकाल मराठी माध्यमाच्या निकालात मिसळू नका. तिथे प्रथम भाषा उर्दू आहे, त्या पानाची लिपीही वेगळी. त्यांची बेरीज करून काही हाती लागत नाही.

‘निपुण भारत’ने तिसरीसाठी मिनिटाला साठ शब्दांचं लक्ष्य सांगितलं आहे. घड्याळ लावायला हरकत नाही, पण मराठीत ‘समुद्रकिनाऱ्यावरच्या’ हा एकच शब्द धरला जातो हे लक्षात असू द्या. हिंदीत त्याच्याच जागी तीन-चार शब्द मोजले जातील. तेव्हा पंचेचाळीसला थांबलेल्या मुलाला लगेच नापास करू नका, अर्थ लागला का ते विचारा.

दुसरी सकाळ गणिताची. यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा लागतो, कारण ‘गणितात कच्चा’ यातून काही कळत नाही, चुकलेलं उत्तर मात्र बोलतं. ४१ – १७ चं उत्तर ३६ आलं असेल तर मुलाला वजाबाकी येत नाही असं नाही. सातातून एक गेला सहा, चारातून एक गेला तीन. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलाय. हातचा घेणं त्याला समजलेलं नाही, एवढाच निष्कर्ष. वर्गात असे सहा निघाले तर दोन दिवस काड्यांचे गठ्ठे सोडवा, पाठ परत पहिल्यापासून नको.

पस्तीसच्या जागी ५३ लिहिणारी मुलं दर वर्गात सापडतात. मराठीत पाच आधी उच्चारला जातो आणि तीस नंतर, लिहायचं मात्र उलट. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्यावर कुणी कितीही विनोद केले असोत, अडचण खोटी नव्हती. असं मूल आकडा ऐकून लिहिताना चुकतं, पण लिहिलेला आकडा पाहून तेवढ्या चिंचोक्या मोजून देतं. दोन्ही करून पाहा, मगच काय चुकतंय ते लिहा.

आणि गणिताच्या याच सकाळी मुलाला कागदाशिवाय एक हिशेब घाला : बत्तीस रुपयांची सुकट, पन्नासची नोट, परत किती? आईबरोबर मासळीबाजारात बसणारी पोरगी डोळा लवायच्या आत ‘अठरा’ म्हणते. तीच कागदावर ५० – ३२ = २२ लिहिते. दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेलं संशोधन २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आलं. बाजारातला हिशेब वहीत उतरत नाही आणि वहीतला बाजारात, हेच तिथे दिसलं. वहीत या पोरीच्या नावापुढे निळ्या पेनाने ‘तोंडी येतं’ असं लिहा. तिच्यासाठी पुढची पायरी शिकवण्याची नाही, तोंडचा हिशेब कागदावर मांडायला लावण्याची आहे.

एक अवघड काम उरतं, ते एकट्याने आणि शांतपणे करा. वर्गाचे गुण चढत्या क्रमाने एका ओळीत लिहा. काठावरच्या गुणाच्या जरा खाली कुणीच नाही आणि बरोबर काठावर गर्दी, असं दिसलं तर तपासणीत हात सैल सुटला आहे. शिक्षकाला दरडावू नका. ज्या व्यवस्थेत कमी टक्क्यांना खुलासापत्र मिळतं तिथे असंच होणार. पाच उत्तरपत्रिका शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाकडून तपासून घ्या आणि त्याच्या पाच तुमच्याकडे. खुलासा कुणी मागणार नाही हे आधीच सांगा, नाहीतर उपयोग नाही.

शेजारच्या शाळेशी तुलना करायचीच असेल तर सारखी शाळा शोधा : तेवढाच पट, दोनच शिक्षक, तसाच पाडा. भारडखोलच्या कोळीवाड्याला पनवेलच्या सोसायट्यांमधल्या शाळेच्या ओळीत उभं करू नका.

शेवटी समितीची बैठक. फळ्यावर मुलांची नावं लिहायची नाहीत, वही फक्त शिक्षक आणि त्या-त्या मुलाच्या पालकापुढे उघडायची. इतिवृत्तात पाच ओळी पुरतात : पटावर किती, चाचणीला किती, उतारा न वाचणारी किती आणि कुठल्या पायरीवर, हातच्याला अडलेली किती, भट्टीवर गेलेली किती. त्याखाली इयत्तेप्रमाणे नाही, पायरीप्रमाणे गट पाडा. चौथीतला आणि दुसरीतला मुलगा एकाच शब्दगटात बसले तर बसू द्या, रोज तासभर. आणि प्रत्येक लाल नावापुढे एक तारीख टाका, त्या दिवशी त्याचं वाचन पुन्हा कोण ऐकणार त्याच्या नावासह. शिमग्याच्या आधीची तारीख असावी, नंतर वर्ग विरळ होतो.